दोष कोणता, हे ठरवायचे कोणी?

चैनीच्या वस्तूत दोष निघाला तर त्याची फार वाच्यता करू नये, असा एक समज आपल्या मध्यमवर्गात खोलवर रुजलेला आहे. धान्यात खडे निघाले तर दुकानदाराशी भांडणे हा हक्क. पण मुलाने हट्टाने घेतलेल्या गेमिंग मॉनिटरवर काळा ठिपका दिसू लागला, तर घरातून पहिला प्रश्न येतो तो 'मुळात घेतलासच कशाला?' हा. विक्रेत्याला याहून सोयीचा प्रश्न कोणता असणार? कायद्याने मात्र गरजेची वस्तू आणि करमणुकीची वस्तू असा भेद केलेला नाही. पैसे मोजून स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू घेणारा तो ग्राहक, एवढेच कायदा जाणतो.

मळवली, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातील विद्यार्थी किंवा कारकून आज असा मॉनिटर घेतो तेव्हा तो पन्नास-साठ हजार रुपये, बहुधा हप्त्यांनी, मोजत असतो. वस्तू घरपोच येते. ती बिघडल्यावर मात्र सेवाकेंद्र पन्नासएक किलोमीटरवर पुण्यात असते, आणि ते काचेचे धूड लोकलच्या गर्दीतून कसे न्यावे हा प्रश्न ग्राहकाचा. 'मूळ खोका आणा' असेही सांगण्यात येते. मावळच्या चार महिन्यांच्या पावसात पुठ्ठ्याचा खोका बुरशी न येता टिकवून दाखवावा, हे आव्हान स्वतंत्रच! एवढे सोसून तिथे पोहोचलेल्या माणसाला पुष्कळदा उत्तर मिळते, की हा दोष नव्हेच. ठिपके 'मर्यादेत' आहेत.

ही मर्यादा कुठून आली ते पाहण्यासारखे आहे. फोर-के म्हणविल्या जाणाऱ्या पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपबिंदू. म्हणजे जवळजवळ अडीच कोटी बिंदू. त्यांतील एकही निकामी निघू नये ही अपेक्षा कारखान्याला परवडत नाही, हे मान्य. म्हणून २००१ साली आयएसओ १३४०६-२ या आंतरराष्ट्रीय मानकाने पडद्यांचे वर्ग पाडले. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत उजळ, दोन कायमचे काळे आणि पाच सदोष उपबिंदू क्षम्य ठरले. हाच हिशेब फोर-के पडद्याला लावला तर सोळा उजळ आणि सोळा काळे ठिपके असूनही माल 'निर्दोष'! पुढे २००८ साली आयएसओ ९२४१-३०७ हे मानक आले, पण वर्गवारीचे तत्त्व तेच राहिले. ही मानके कोणत्याही कंपनीवर सक्तीची नाहीत. कोणता वर्ग पत्करायचा हे कंपनीच ठरविते, आणि तो जाहिरातीत नव्हे, वॉरंटीच्या बारीक अक्षरांत सांगते. सतत उजळणारा एकच ठिपका आढळला तरी पडदा बदलून देऊ, असे सांगणाऱ्या कंपन्याही आहेत. तेव्हा अडचण तंत्राची आहे असे म्हणवत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'दोष' या शब्दाची व्याख्या अशा वेळी मुळातून वाचावी. कायद्याने किंवा उघड वा गर्भित कराराने जो दर्जा राखला पाहिजे, त्यातील उणीव म्हणजे दोष. इतकेच नव्हे, तर व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे ज्या दर्जाचा दावा केला असेल, त्यातील उणीव हाही दोषच. वस्तूच्या पानावर 'निर्मळ काळा रंग' आणि 'सेकंदाला २४० चित्रे' असे छापले असेल, तर मोजमाप त्या शब्दांनी व्हायला हवे. सेवाकेंद्राच्या अंतर्गत तक्त्यातील आकडा ग्राहकाने खरेदीपूर्वी पाहिलेलाच नसतो.

दुसरा वाद बदलीचा. सदोष मॉनिटर घेऊन त्याऐवजी दुसऱ्या कुणाचा दुरुस्त केलेला मॉनिटर देण्याची मुभा अनेक वॉरंटीपत्रांत कंपनीने स्वतःकडे ठेवलेली असते. आयोगाला दिलेल्या अधिकारांत मात्र शब्द आहेत ते त्याच वर्णनाची, दोषरहित आणि 'नवी' वस्तू देण्याचे. किंमत परत करविण्याचा आणि नुकसानभरपाईचा अधिकारही आयोगाला आहे. अर्थात बदली मागताच मिळते असे नाही. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर अख्खी मोटार बदलून मागता येत नाही. म्हणून दरेक दुरुस्तीची तारखेसह पावती जपून ठेवणे अगत्याचे. तीच तक्रार तिसऱ्यांदा नोंदली गेली, की भाग बदलून भागत नाही हे सांगायला तोच कागद उपयोगी पडतो.

घरबसल्या मागविलेल्या मालाबाबत २०२० चे ई-वाणिज्य नियम अधिक स्पष्ट आहेत. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास वा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असे बंधन आहे. दुकानातून घेतलेल्या मालालाही संरक्षण आहे. बिलात मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत सदोष वस्तू परत घेण्याचे नाकारणे, ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की तेथील एका शिलालेखात द्वार घडविणाऱ्या धेनुकाकटच्या सामी या सुताराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांनंतरही घडविणारा कोण हे सांगता येते. आजच्या खोक्यावर निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि तक्रारीचा संपर्क छापणे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी बंधनकारक आहे. विक्रेता कंपनीकडे आणि कंपनी विक्रेत्याकडे बोट दाखवू लागली, की नोटीस दोघांच्याही पत्त्यावर धाडावी.

पुढची वाट जिल्हा आयोगाची. पूर्वी तक्रार बहुधा विरुद्ध पक्ष जिथे असेल तिथे करावी लागे. आता तक्रारदार जिथे राहतो वा नोकरी करतो तेथील आयोगाकडेही ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज संगणकावरून भरता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा यांतले काहीही नव्हते. १९८६ चा कायदा यायलाही आणखी बारा वर्षे लागली.

परंतु निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, ही कायद्यातील अपेक्षा बव्हंशी कागदावर राहते. आयोगांतील पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. साठ हजारांच्या मॉनिटरसाठी माणूस किती तारखा करील, याचा अंदाज कंपन्यांना पक्का असतो.

त्यामुळे भांडण उद्भवण्याआधीच काही करणे सरकारच्या हाती आहे. भारतीय मानक ब्यूरोची मॉनिटरवरील सक्तीची नोंदणी विद्युत् सुरक्षिततेपुरती आहे. चित्राच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. खोक्यावर किंमत आणि निर्मितीचा महिना छापायला लावता येतो, तर पडद्यात किती ठिपके निकामी असले तरी आम्ही तो बदलणार नाही, हा आकडाही कंपनीला तिथेच, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, छापायला लावता येईल.