भूमिकाखेळातील प्रारंभक्षेत्र

अद्‌भुतरम्य विषयावरील बैठ्या भूमिकाखेळात दीर्घ मोहिमेचा आरंभ ज्या मर्यादित भूप्रदेशात होतो, त्यास प्रारंभक्षेत्र म्हणतात. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, तर खेळसंचालक त्या पात्रांभोवतीचे जग, तेथील रहिवासी व संकटे यांचे वर्णन करतो. पात्रांनी काय करावे हे खेळाडू ठरवितात. ज्या कृतीचे यश अनिश्चित असते, तिचा निर्णय फासे व नियम यांच्या साहाय्याने होतो. तीच पात्रे घेऊन अनेक बैठकांतून चालणाऱ्या खेळास मोहीम म्हणतात. खेळाडूंना खरीखुरी निवड करता येईल इतके तपशील पुरविणे आणि पुढील वाढीस जागा मोकळी ठेवणे, हे प्रारंभक्षेत्राच्या रचनेचे मुख्य सूत्र होय.

इतिहास : हा खेळप्रकार अमेरिकेतील हौशी युद्धखेळांतून उदयास आला. डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) यांनी १९७१ च्या सुमारास मिनेसोटा राज्यात ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम सुरू केली. एक किल्ला, त्यालगतचे नगर व किल्ल्याखालची भुयारे हे तिचे केंद्र होते. तिच्या प्रेरणेने गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) यांनी १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथे ‘ग्रेहॉक’ किल्ल्याची भुयारे रचली. या दोघांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. संचालकाने खेळापूर्वी भुयारांच्या मजल्यांचे किमान अर्धा डझन नकाशे काढावेत, असे त्याच्या नियमांत सांगितले होते. ग्रेहॉकच्या जगाचे नकाशांसह वर्णन मात्र १९८० मध्ये छापले गेले. म्हणजे आधी भुयार व मग जग, असा हा क्रम होता.

घटक : प्रारंभक्षेत्रात सामान्यतः चार घटक असतात : विश्रांतीचे सुरक्षित ठिकाण, जवळचे धोक्याचे स्थळ, त्यांमधील प्रदेश आणि दूरच्या जगाच्या खुणा. गायगॅक्स यांच्या द कीप ऑन द बॉर्डरलँड्स या साहसपुस्तिकेत हे घटक स्पष्ट दिसतात. सरहद्दीवरील गढीत सराय, व्यापारी, देऊळ व शिबंदी असून काही अंतरावरील घळीत निरनिराळ्या राक्षसी टोळ्यांच्या गुहा आहेत. पात्रे गुहांत जातात, जखमी होऊन किंवा लूट घेऊन गढीत परततात व पुन्हा निघतात. या येरझारांमुळे गढी ओळखीची होते आणि तिच्या रक्षणाबद्दल खेळाडूंना आस्था वाटू लागते. धोक्याचे स्थळ फार दूर असल्यास हे चक्र तुटते. म्हणून अंतर असे ठेवतात, की परतणे शक्य असावे, परंतु त्यास वेळ व जोखीम लागावी.

निवडीस माहितीचा आधार लागतो. पुढील दोन वाटांविषयी काहीच ठाऊक नसेल, तर त्यांतील एक निवडणे हे नाणे उडविण्यासारखेच ठरते. याकरिता या पुस्तिकेत काही खऱ्या व काही खोट्या अफवांची यादी दिलेली आहे. टोळ्यांमधील परस्पर वैरामुळे लढाईखेरीज तह, फितुरी व माघार हे पर्यायही खुले राहतात. सुरक्षित स्थळही निर्धोक नसते. गढीत साधूच्या वेषात एक शत्रू वावरत असतो.

तपशिलाचे प्रमाण : या बाबतीत दोन पद्धती आढळतात. पहिलीत संपूर्ण जगाचा इतिहास, धर्म व राज्ये आधी ठरवितात. दुसरीत एका गावापासून आरंभ करून खेळाच्या गरजेनुसार बाहेर विस्तार करतात. पहिलीमुळे सुसंगती लाभते, परंतु बराच मजकूर खेळात कधीच येत नाही आणि संचालकास आपण रचलेल्या स्थळांकडेच खेळाडूंना वळविण्याचा मोह होतो. दुसरीत श्रम वाचतात, पण विसंगतीची शक्यता वाढते. व्यवहारात जवळचे सविस्तर व दूरचे त्रोटक असा मध्यममार्ग पत्करतात. द व्हिलेज ऑफ हॉमलेट (१९७९) या पुस्तिकेत गावाचे घरोघर वर्णन आहे. मात्र ज्या दुष्ट मंदिराची छाया गावावर पडलेली आहे, त्याचा भाग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरहद्दीवरील गढीच्या पुस्तिकेतही एक गुहा संचालकाने स्वतः रचावी म्हणून मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे.

टीका : सुसंस्कृत गढी व तिच्याबाहेरील रानटी टोळ्या या मांडणीत वसाहतवादी सरहद्दीची प्रतिमा उमटते, असा आक्षेप घेतला जातो. गुहांत टोळ्यांची लहान मुलेही असल्याने त्यांचे काय करावे, हा नैतिक प्रश्न खेळाडूंपुढे उभा राहतो. शत्रू कोण व तो शत्रू का, हे प्रारंभक्षेत्रच सुचवीत असल्याने त्याची रचना केवळ नकाशाची बाब राहत नाही. धोका वस्तीतच ठेवणे हा रचनेचा दुसरा मार्ग होय. २०१४ च्या लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर या साहसकथेतील फँडॅलिन हे गाव गुंडांच्या दहशतीखाली असते. त्यामुळे पात्रांना आपली बाजू गावातच ठरवावी लागते.