सदोष नाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाणे हे राजसत्तेने धातूवर उमटविलेले वचन असल्यामुळे त्याच्या मुद्रेत कोठे वैगुण्य दिसले की पाहणाराचे कुतूहल जागे व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या कुतूहलाला नाणे पाडण्याच्या रीतीची माहिती नसली, तर प्रत्येक ओरखडा दुर्मिळ वाटू लागतो. टांकसाळीत धातूच्या पत्र्यातून कोरी चकती कापतात, ती तापवून मऊ करतात, तिची कड किंचित उचलून घेतात, आणि मग कड्याच्या वेढ्यात दोन पोलादी ठशांमध्ये तिच्यावर प्रचंड दाब पडताच तिच्या दोन्ही बाजू एकाच क्षणी आकारास येतात. यांपैकी प्रत्येक पायरीवर चूक संभवते आणि प्रत्येक चुकीची खूण निराळी असते.

गैरसमज : एका बाजूवर दुसऱ्या बाजूची पुसट आकृती दिसली, म्हणजे ते नाणे जगात एकमेव होय.

वस्तुस्थिती : यंत्रात चकती वेळेवर सरकली नाही, तर दोन्ही ठसे परस्परांवर आदळतात. ठशात चित्र खोलगट आणि भोवतालची सपाटी उंच असल्यामुळे आघात सपाटीवर होतो व समोरच्या चित्राची बाह्यरेषा तेथे कोरली जाते. त्यानंतर त्या ठशाखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती रेषा आरशातल्याप्रमाणे उलटी उमटते, आणि ठसा घासला किंवा बदलला जाईपर्यंत ही परंपरा चालू राहते; तेव्हा दोष एका नाण्याचा नसून ठशाचा असतो. ठसा घासण्याचाही अतिरेक होतो. अमेरिकेतील डेन्व्हरच्या टांकसाळीत १९३७ साली पडलेल्या पाच सेंटांच्या काही नाण्यांवरील गव्याला तीनच पाय आहेत. आघाताच्या खुणा काढताना ठसा प्रमाणाबाहेर घासला गेल्याने पुढचा एक पाय नाहीसा झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

गैरसमज : अक्षरे दुहेरी दिसली, म्हणजे चकतीवर दोन वेळा छाप पडली.

वस्तुस्थिती : फिलाडेल्फियाच्या १९५५ च्या एक सेंटच्या सुप्रसिद्ध नाण्यावरील दुहेरी अक्षरे नाणे पाडताना उद्भवलेलीच नाहीत. ठसा घडविताना उठावाचा मूळ साचा त्यावर एकाहून अधिक वेळा दाबीत असत. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला आणि ठसाच दुहेरी झाला. याउलट, सैल बसलेला ठसा छाप पडताना हलल्यामुळे अक्षरांच्या कडेला जी चपटी पायरी निर्माण होते, ती वारंवार आढळते आणि जाणकार तिला विशेष मोल देत नाहीत.

गैरसमज : मजकूर अर्धवट उमटलेली शिवराई सदोष होय.

वस्तुस्थिती : एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे धारण करणारी ही मराठेशाहीतील तांब्याची नाणी हातोड्याच्या घावाने पाडली जात, आणि चकती पुष्कळदा ठशाहून लहान असल्याने काही अक्षरे बाहेर राहात. तो त्या काळचा दस्तूरच होता. आधुनिक यंत्राची मोजपट्टी त्या कारागिरीला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : विद्रूप झालेले प्रत्येक नाणे टांकसाळीतूनच तसे बाहेर पडते.

वस्तुस्थिती : शेगड्यात, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणाऱ्या साधनात, दोन नाणी एकमेकांवर दाबली असता एकाची उलटी, खोल प्रतिमा दुसऱ्यावर उमटते आणि अजाण ग्राहकाला ती ठशांच्या आघाताची खूण म्हणून विकली जाते. परंतु अशा दाबाखाली नाण्याचा स्वतःचा उठाव चेपून सपाट होतो. ठशांच्या खऱ्या आघातात मुख्य चित्र शाबूत राहून परकी रेषा प्रामुख्याने मोकळ्या जागेत दिसतात.

दुर्मिळ म्हणून मिरविले जाणारे माता वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले २०१२ चे पाच रुपयांचे नाणे तर सदोषही नव्हे. ते सरकारने काढलेले स्मारक नाणे आहे. जुनी नाणी विकून देण्याच्या मिषाने रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांविषयी खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. म्हणून वाचकांनी नाण्याची किंमत विचारण्यापूर्वी, हा दोष टांकसाळीच्या कोणत्या पायरीवर उत्पन्न होऊ शकला असता, हे विचारावे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून पैसे मोजू नयेत.