अंतराळवीराचा हातमोजा

घाटकोपर किंवा मुलुंड येथील सायकलदुरुस्तीच्या एखाद्या दुकानापुढे क्षणभर उभे राहा. रिकामी ट्यूब बोटांनी हवी तशी वळते. परंतु तिच्यात हवा भरली, की ती ताठ होते आणि तिला वाकवू पाहणारा हात दमून जातो. यानाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीराच्या हातमोज्याचेही असेच असते.

अंतराळात हवा नसल्यामुळे पोशाखात प्राणवायू भरावा लागतो. अमेरिकन पोशाखात त्याचा दाब दर चौरस इंचास ४.३ पौंड असतो. आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाचा हा तिसरा हिस्सादेखील नव्हे! तरीही तेवढ्याने मोजा ताठ होतो, आणि साधा पाना धरावयाचा तरी बोटांना त्याच्याशी झुंजावे लागते.

या कामाचा सराव पाण्यात करतात. ह्यूस्टन येथील तलाव ६२ मीटर लांब व १२ मीटर खोल आहे. पोहण्याच्या मोठ्या शर्यतींचा तलावही ५० मीटरच लांब असतो. पोशाखाला वजने व तरंगणारे तुकडे लावून वीराला पाण्यात अधांतरी ठेवतात. सराव कधी कधी सहा तास चालतो. नऊ वेळा यानाबाहेर जाऊन ६२ तास काम केलेल्या सुनीता विल्यम्स यांनीही येथेच सराव केला.

या सरावात बोटांची टोके मोज्यावर वारंवार दाबली जातात. आत घाम साचून नखे मऊ पडतात, दुखावतात आणि प्रसंगी निघूनही येतात. काही वीरांनी तर आधीच नखे काढवून घेतली, असे सांगतात! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३२ अंतराळवीरांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २२ जणांच्या नखांना इजा झाली होती. लांब बोटे मोज्याच्या टोकाला टेकत असतील, असे कोणासही वाटेल. परंतु ज्यांच्या तळहाताचा घेर मोठा, त्यांच्यात इजा अधिक आढळली. घट्ट मोज्यामुळे बोटांकडे जाणारे रक्त अडत असावे, असा तर्क त्यावरून निघाला.

म्हणून सरावापूर्वी नखे बारीक कापतात, दुखऱ्या बोटांना पट्टी गुंडाळतात व आत घाम टिपणारा पातळ मोजा घालतात. मुख्य काळजी मात्र मापाची. मोजा सैल असला तर पकड सुटते, घट्ट असला तर बोटे बधिर होतात. शिवाय साध्या हवेत बेताचा वाटणारा मोजा फुगल्यावर वेगळाच ठरतो. यासाठी हवा काढून घेतलेल्या पेटीत मोज्यासह हात घालून मूठ मिटून पाहतात, आणि मगच मोजा पसंत करतात.