जपानी वर्णमालेतला हरवलेला ‘प’

तोक्योच्या पूर्वेकडच्या एदोगावा विभागात निशी-कासाई नावाचे स्टेशन आहे. त्याच्या आसपास भारतीय कुटुंबे इतकी राहतात, की कढीपत्ता आणि हिंग ही तिथे अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. आमचे घर तिथेच आहे. गेल्या एप्रिलमध्ये मुलगी पहिलीत गेली (जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते) आणि आमच्या फ्रिजवर हिरागाना अक्षरांचा तक्ता आला. उभ्या रांगा, उजवीकडून डावीकडे. पहिली रांग अ, इ, उ, ए, ओ. पुढच्या रांगांची पहिली अक्षरे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

स्वर आधी, मग ‘क’, आणि शेवटाकडे य, र, व. हा क्रम मराठी माणसाला अनोळखी वाटूच शकत नाही. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर नातीला क-ख-ग शिकवणाऱ्या सासूबाईंना मी तो दाखवला, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “बघ, सगळं आपल्याकडूनच गेलंय.” मलाही बरे वाटले. परदेशात राहणाऱ्याला असे बरे वाटण्याची सवय लागते. उएनोच्या तळ्याकाठी बेंतेन देवीचे देऊळ दिसले, ती मुळात आपली सरस्वती असे कळले, की त्या दिवसाचे फिरणे सार्थकी लागते. फोटो काढायचा, घरच्यांना पाठवायचा. त्यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

माझ्या या समाधानाला टाचणी लावली ती मुलीने. जपानीत ग, द, ब यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत. ‘का’च्या डोक्यावर दोन बारीक रेघा दिल्या की ‘गा’ होतो, ‘सा’चा ‘झा’, ‘ता’चा ‘दा’. (आमचे आडनाव ‘द’चे, त्यामुळे वर्गाच्या हजेरीपटावर ते ‘त’च्या रांगेत बसते.) मुलीने हे सगळे घोकले आणि विचारले, “आई, हा ला दोन काड्या दिल्या की बा का होतो?”

खरेच, का? क आणि ग एकाच जागी उच्चारले जातात, त आणि द एकाच जागी. ‘ह’ घशातून येतो आणि ‘ब’ला ओठ मिटावे लागतात. दोघांचा एकमेकांशी काय संबंध? आणि तो आपल्याकडून गेलेला क्रम म्हणावा, तर न आणि म यांच्यामध्ये ‘ह’ काय करतो? आपल्याकडे तर तो ‘स’च्याही नंतर येतो. ‘क’नंतर लगेच ‘स’ तरी कुठून आला?

उत्तर शोधायला मी आपलीच वर्णमाला कागदावर मांडली. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. घशापासून ओठांपर्यंत, जीभ जशी पुढे सरकेल तसे. प्रत्येक वर्गाच्या शेवटी अनुनासिक. आता जपानीला नको ते गाळायचे. ट आणि त वेगळे नाहीत, तेव्हा एक ठेवायचा. ख-घ, छ-झ अशी महाप्राण अक्षरे नाहीत. ग-ज-द-ब रेघांवर भागते. अनुनासिकांपैकी न आणि म तेवढे हवेत, न त-वर्गाचा, म्हणून ‘त’च्या मागे, म प-वर्गाचा, म्हणून ‘प’च्या मागे. उरते ते क, च, त, न, प, म, य, र, व. फ्रिजवरचा तक्ता आणि हा कागद शेजारी धरले, तर फरक फक्त दोन जागी. ‘च’च्या जागी सा, ‘प’च्या जागी हा.

म्हणजे क्रम चुकलेला नाही. क्रम लावल्यानंतर उच्चार बदलले.

प्राचीन जपानीतला ‘सा’ हा ‘च’ किंवा ‘त्स’च्या जवळचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘हा’बद्दल तर फारसा वादच नाही. तो मुळात ‘पा’ होता. ओठ सैल पडत गेले, तसा त्याचा ‘फा’ झाला (दात न लावता, नुसत्या ओठांनी फुंकर घालावी तसा) आणि सतराव्या शतकानंतर ‘हा’. जोडीदार ‘बा’ मात्र ओठांवरच राहिला. मुलीला दिसलेली विसंगती ही या जुन्या ‘प’ची खूण होती.

याचे मला सर्वांत आवडलेले पुरावे दोन. सोळाव्या शतकातल्या एका जपानी कोडेसंग्रहात एक कोडे आहे: आईशी दोनदा भेटते, वडिलांशी एकदाही नाही, असे काय? उत्तर आहे ओठ. आई म्हणजे ‘हाहा’, वडील म्हणजे ‘चिची’. आजच्या उच्चाराने ‘हाहा’ म्हणताना ओठ जवळ येतच नाहीत आणि कोडे निरर्थक होते. ‘फाफा’ म्हणून पाहा.

दुसरा पुरावा आपल्या गोव्यात छापला गेला. १५८२ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी चार जपानी किशोरांना युरोपला पाठवले होते. रोमला पोपची भेट घेऊन परतताना ते गोव्यात थांबले. त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याने १५८७ मध्ये तिथल्या सेंट पॉल कॉलेजात लॅटिनमध्ये भाषण केले आणि पुढच्या वर्षी ते गोव्यातच छापून निघाले. त्या पुस्तिकेवर त्याचे नाव ‘फारा’ असे आहे. कानाला आले तसे लिहिले गेले. कॉलेजची आता ओल्ड गोव्यात एक कमान तेवढी उभी आहे. मी तिच्यासमोरून दोनदा गेले असेन, आणि दोन्ही वेळा घाई होती.

मूळ क्रम जपानात पोचवला तो बौद्ध भिक्षूंनी. कूकाई ८०४ मध्ये चीनला गेला, चांगआनमध्ये प्रज्ञ या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये सिद्धम् लिपीतले ग्रंथ घेऊन परतला. मंत्रांचा उच्चार बिघडू नये म्हणून भिक्षू वर्णमाला घोकत राहिले. आपल्या भाषेचे ध्वनी त्या चौकटीत बसवून पाहण्याचा उद्योग त्यातूनच निघाला. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका हस्तलिखितात असा तक्ता भेटतो, पण त्यात स्वरांचा क्रम अजून निराळाच आहे. म्हणजे काही आयते उचलले असे झाले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते जुळवत राहिले. सामान्य व्यवहारात ‘इरोहा’ या कवितेचा क्रम चालत होता. ‘गेन्काइ’ हा शब्दकोश १८८९ ते १८९१ या काळात आ-इ-उ-ए-ओच्या क्रमाने निघाला, आणि हा क्रम पुढे शब्दकोशांत रुळला.

सिद्धम् लिपी पाहायला ग्रंथालयात जावे लागत नाही. उएनोजवळच्या यानाका दफनभूमीत थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात. त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. शब्द ‘स्तूप’वरून आला. फळीवर खालून वर अ, व, र, ह, ख अशी पाच बीजाक्षरे: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. मी मोठ्या ऐटीत वाचायला गेले आणि देवनागरीच्या सवयीने एकही धड लागेना. शेजारच्या थडग्यावर पाणी घालणाऱ्या आजींना विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, “आम्हालाही येत नाही, देवळातले भटजी लिहून देतात.” आपल्याकडे ही लिपी वापरातून गेली त्याला हजारभर वर्षे होत आली. इथे तिची शाई या वर्षीची होती.

घरी येऊन मुलीला ‘पा’ची गोष्ट सांगितली. तिला त्याचे नवल वाटले नाही. पेन्सिली मोजताना ते तिच्या तोंडात रोजच होते. लांबट वस्तू मोजताना एक इप्पोन, दोन निहोन, तीन साम्बोन. प, ह, ब. तीन काकड्या मागताना मी भाजीवाल्यासमोर वर्षभर अडखळले, ते ह्याच शब्दांवर.

रविवारी तिने आजीला सगळे ऐकवले. सासूबाई शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “पण मग त्यांचा प गेला कुठे?”

मुलगी माझी पर्स घेऊन आली. हजार येनची नोट तिने कॅमेऱ्यासमोर धरली आणि रोमन अक्षरांवर बोट ठेवून मला वाचायला लावले. निप्पोन गिंको. त्याच देशाला ती शाळेत निहोन म्हणते.