आधारद्रव्याची ताठरता : मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह संमिश्रांच्या संदर्भात

‘मॅट्रिक्स’ हा शब्द लॅटिनमधील ‘मातेर’ म्हणजे माता या शब्दापासून घडला असून उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याला गर्भाशय असा अर्थ होता. पदार्थविज्ञानात संमिश्रातील सलग, इतर घटकांना धरून ठेवणाऱ्या द्रव्यास ही संज्ञा लावतात. मराठीत तिच्यासाठी ‘आधारद्रव्य’ हा शब्द योजला की या द्रव्याचे काम केवळ आधार देण्याचे, असा ग्रह होतो. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह संमिश्रांच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे.

चुंबकीय क्षेत्रात लोखंडाच्या दांडीची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये मांडले. हा बदल अत्यल्प असतो. निकेल दशलक्षात सुमारे ३५ भागांनी आखडते. टेर्फेनॉल-डी हा मिश्रधातू मात्र दशलक्षात हजाराहून अधिक भागांनी लांबतो. त्याचे नाव हीच त्याची जन्मपत्रिका होय : टर्बियममधील ‘टेर’, लोखंडाच्या रासायनिक चिन्हाचे ‘फे’, अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीच्या आद्याक्षरांचे ‘नॉल’ आणि डिस्प्रोशियमचा ‘डी’. सोनारसारख्या यंत्रणांत उपयुक्त ठरलेला हा मिश्रधातू ठिसूळ आहे. शिवाय क्षेत्र वेगाने बदलू लागले की त्यात चक्राकार विद्युतप्रवाह निर्माण होऊन ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून त्याची भुकटी इपॉक्सीसारख्या विद्युतरोधक रेझिनमध्ये मिसळून, बहुधा चुंबकीय क्षेत्रातच घट्ट होऊ दिली जाते. त्यायोगे कण साखळ्यांच्या रूपात रांगेने बसतात.

येथे ताठरता म्हणजे कठीणपणा नव्हे, बळकटीही नव्हे. ताणाला वा दाबाला पदार्थ किती विरोध करतो, एवढेच तीत अभिप्रेत असते. तिचे माप यंग गुणांकाने देतात. (‘विकृती’ या शब्दाचेही तसेच : भौतिकीत ती केवळ लांबीतील सापेक्ष बदल दर्शविते.) कण किती लांबेल हे मुख्यतः त्याच्या घटनेवर ठरते, त्यातले बाहेर किती पोचेल, हे ठरविण्यात या ताठरतेचा मोठा वाटा असतो.

एक साधा हिशेब पाहता येईल. दोन्ही घटकांचे आकारमान निम्मे-निम्मे, मिश्रधातूचा गुणांक ३० गिगापास्कल (प्रत्यक्षात तो क्षेत्र व दाब यांनुसार पुष्कळ बदलतो) आणि इपॉक्सीचा ३ गिगापास्कल मानला, आणि कणांच्या साखळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असल्या, तर रेझिनच्या विरोधानंतरही मूळ विकृतीपैकी सुमारे ९१ टक्के संमिश्रात उतरते. आधारद्रव्य मिश्रधातूइतकेच ताठर असेल तर ५० टक्केच. यावरून ‘जितके मऊ तितके उत्तम’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु कण आणि रेझिन थरांसारखे आळीपाळीने येत असतील तर चित्र पालटते. भार नसताना विकृती निम्मीच राहते, आधारद्रव्य कोणतेही असो. भार येताच मात्र मऊ थर दबतो : इपॉक्सी असताना संमिश्राचा गुणांक सुमारे ५.५ गिगापास्कल राहतो, तर ३ मेगापास्कलच्या रबरासह तो ६ मेगापास्कलवर घसरतो. कण लांबतो, पण ती वाढ शेजारच्या रबरातच जिरते. प्रत्यक्षातील संमिश्रे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात.

याखेरीज एक गोष्ट या हिशेबात येतच नाही. रेझिन घट्ट होताना व थंड होताना आकुंचन पावते आणि कणांवर कायमचा दाब ठेवते. हा दाब योग्य दिशेने आणि बेताचा असल्यास चुंबकीय क्षेत्रिका आडव्या वळतात आणि क्षेत्र लावल्यावर लांबी अधिक वाढते. म्हणजे ज्या ताठरतेने विरोध केला, तीच पूर्वतयारीही करते. तापमान वाढून रेझिन मऊ पडले की हा लाभ ओसरतो. टर्बियम व डिस्प्रोशियम यांच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये परवान्याची अट घातल्यापासून, थोड्या भुकटीतून अधिक काम काढण्याच्या या प्रश्नाला आर्थिक धारही आली आहे.

अतिमृदू रबरात साधे लोहकण मिसळले तरी चुंबकीय क्षेत्रात तुकड्याचा आकार लक्षणीय बदलतो आणि त्यालाही मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे कणांचे स्वतःचे लांबणे नगण्य असते. ते एकमेकांना ओढतात आणि रबर त्यांच्यामागे जाते. संज्ञा एकच असल्यामुळे दोन्ही प्रकारांचे आकडे एकाच कोष्टकात मांडले जातात, तेव्हा ताठरतेविषयी परस्परविरोधी निष्कर्ष निघाल्याचा भास होतो.