आधी डोकं दुखलं की छाती?



घरात कुणी अचानक कोसळलं, दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली की आपल्या तोंडी एकच शब्द येतो : अटॅक. तसा संशय घेण्यात चूक नाही. पण कधी कधी मूळ दुखणं हृदयात नसतं, मेंदूत असतं.

मेंदूच्या रक्तवाहिनीला काही जणांच्या बाबतीत फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटला की रक्त मेंदूभोवती पसरतं. त्या धक्क्याने अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं अंगात एकदम वाढतात आणि हृदयावर ताण पडतो. मग ईसीजीची पट्टी बिघडलेली दिसते. हृदयविकारासाठी करतात त्या रक्ततपासणीतही दोष दिसू शकतो.

धोका इथेच आहे. हार्ट अटॅकमध्ये रक्त पातळ करणारी औषधं जीव वाचवतात. मेंदूत रक्तस्राव होत असेल तर तीच औषधं घात करू शकतात.

नक्की काय झालंय ते डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये कळतं. पण डॉक्टरांना डोक्याचा संशय यायला हवा ना? आजारी माणूस बेशुद्ध असतं. ते कोसळण्याआधी काय म्हणालं, हे शेजारी असलेल्या बाईलाच ठाऊक असतं. दवाखान्यात बोलायला दुसरं कुणी पुढे झालं, तरी पाहिलेलं तुम्हीच सांगा.

काय सांगायचं? क्षणात उठलेली, जन्मात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. उलटी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, एकाचे दोन दिसणं, झटके येणं. आणि वेळ : किती वाजता, आधी काय झालं, मग काय.

लगेच १०८ ला फोन करा. माणूस बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल, तर कुशीवर झोपवा. तोंडात पाणी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अॅस्पिरिन देऊ नका. रोजच्या गोळ्यांची पाकिटं मात्र सोबत न्या.

बीपी वाढलेलं असेल आणि बिडी-सिगारेट ओढत असाल, तर हा धोका वाढतो. म्हणून आरोग्य केंद्रात बीपी तपासून घ्या. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकमेकींना जरूर सांगा : छातीत कळ आली तरी, आधी डोकं दुखलं असेल तर ते पहिल्यांदा सांगायचं.