रोजच्या भाकरीची यादी

सकाळी उठल्यावर काय करायचं हे मार्टिन लुथरने 1529 साली लिहून ठेवलं आहे. अंगावर क्रुसाची खूण करायची, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची, वाटलं तर रात्र सुखरूप गेल्याबद्दल चार शब्दांत आभार मानायचे आणि मग एखादं गीत गात आनंदाने कामाला लागायचं. रात्रीही असंच. दिवसभर सांभाळलंस म्हणून आभार, आणि मग वेळ न घालवता निर्धास्त झोप.

हे त्याने धर्मपंडितांसाठी लिहिलं नव्हतं. आदल्या वर्षी सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या पाहून तो अस्वस्थ झाला होता. माणसं बाप्तिस्मा घेतलेली होती, पण त्यांना ना दहा आज्ञा येत होत्या ना प्रभूची प्रार्थना, आणि कित्येक पाळकांना शिकवताही येत नव्हतं. म्हणून त्याने घरच्या कर्त्यांसाठी साधीसोपी प्रश्नोत्तरं तयार केली. पुस्तक व्हायच्या आधी ती भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापली गेली. बाकीच्या संसारासारखीच देवाची ओळखही घरातूनच व्हावी, असा त्याचा आग्रह होता.

अवसरी बुद्रुकच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, असाच एक तक्ता आहे. मी चेन्नईला नोकरीत असताना तिथल्या एका लुथरन मंडळीत जात होतो. ती प्रश्नोत्तरं मी तिथे वहीत मराठीत उतरवून घेतली आणि गावी परतल्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली. आईचा चष्मा शेतात राहिला तरी तिला वाचता यावं, एवढीच अपेक्षा होती. आता तिला सगळं पाठ आहे, तरी ती त्याच्याकडे बघूनच म्हणते.

हा क्रम खरा कसाला लागतो तो कांदा काढणीत. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळी कांदा मार्चअखेरीला माना टाकू लागतो. निम्म्याहून जास्त माना पडल्या की पाणी तोडायचं. मग पहाटेपासून उपटणी. उपटलेला कांदा वाफ्यात ओळीने असा मांडायचा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. उघडा राहिला तर उन्हाने भाजतो. तीन-चार दिवस पात अशी सुकू द्यायची, नंतर काटणी. बायका विळा घेऊन ओळीने बसतात, मानेला पीळ देतात आणि दोन बोटं मान ठेवून पात कापतात. अगदी बुडातून कापला तर कांद्याचं तोंड उघडं पडतं आणि सड तिथूनच शिरते. नंतर सावलीत ढीग, मग निवड. गोळा, मध्यम, गोल्टी वेगवेगळे. जोड कांदा आणि डेंगळ्याचा बाजूला, तो टिकत नाही. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आमच्यापासून फार लांब नाही. तिथले लोकही हेच सांगतात, घाई करू नका, मान वाळू द्या. तेवढं केलं की कांदा बराखीत दिवाळीपर्यंत राहतो.

सावडीला आलेल्या आठ-दहा जणी, घरचे आम्ही, आणि दुपारी बारा-साडेबाराला बांधावरच्या आंब्याखाली भाकरीची फडकी उघडतात. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. सावडीला येणाऱ्या सगळ्या जणी भैरवनाथाच्या. त्यांच्या शेतात काढणी सुरू होताना नारळ फुटतो आणि आम्ही खोबरं खातो. आमच्या शेतात जेवणाआधी प्रार्थना होते आणि त्या हातातला घास थांबवतात. एकदा आई मोटर बंद करायला विहिरीवर गेली होती. मी ताट ओढलं तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "थांब की रं, तुझी आई येऊ दे. तुमचं देवाचं व्हायचंय अजून."

जेवणाआधी काय म्हणायचं तेही तक्त्यावर आहे. लुथरने 145व्या स्तोत्रातल्या दोन ओळी निवडल्या. सगळ्यांचे डोळे देवाकडे लागलेले असतात आणि तो वेळच्या वेळी अन्न देतो, असा त्यांचा आशय. जेवणानंतर पुन्हा आभार, 147व्या स्तोत्राच्या आधाराने. त्यात जनावरांच्या चाऱ्याचा आणि भुकेने ओरडणाऱ्या कावळ्याच्या पिल्लांचा उल्लेख येतो. आंब्याखाली ते म्हणताना वरच्या फांदीवर कावळे असतातच, आणि गोठ्यातली गाय पात खाऊन उभी असते. प्रार्थनेतलं सगळं डोळ्यांसमोर असतं. म्हणून असेल, पण उपासनामंदिरात कधी कधी भरकटणारं माझं मन तिथे कधीच भरकटत नाही.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्या तक्त्यातला 'रोजची भाकर' या शब्दांखालचा मजकूर. रोजची भाकर म्हणजे काय, असा प्रश्न आहे आणि उत्तरादाखल लुथर यादीच देतो. अन्न, पाणी, कपडे, पायातले जोडे, घर, शेत, जनावरं, पैसा, भला जोडीदार, भली मुलं, चांगली कामाची माणसं, चांगलं सरकार, चांगली हवा, शांतता, आरोग्य, अब्रू, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. ही यादी ज्या घरात लिहिली गेली त्या घराला शेतीची चांगली ओळख होती. लुथरची बायको काथरीना फॉन बोरा ही आधीची जोगीण. लग्न झालं 1525 साली. विटेनबर्गच्या जुन्या मठात राहून ती गुरंढोरं, बाग, माशांची तळी आणि घरची बिअर बघायची, आणि पुढे त्सुल्सडॉर्फची शेतीही तिने सांभाळली. पुस्तकात बुडालेल्या नवऱ्याच्या यादीत जोडे, जनावरं आणि हवामान आलं त्यात तिचा वाटा मोठा असणार, असं मला नेहमी वाटतं.

आणि त्याच जागी लुथर आणखी एक गोष्ट सांगतो. देव ही भाकर आपण न मागताही देतो, वाईटातल्या वाईट माणसालाही देतो. मग मागायची कशाला? तर ती त्याची आहे हे आपल्याला ओळखू यावं आणि आपण ती आभारासह घ्यावी, म्हणून. हे वाचल्यावर माझ्या प्रार्थनेचा रोखच बदलला. देवाला काही पटवून द्यायचं नाही, माझेच डोळे उघडे ठेवायचे. ते आपोआप होत नाही, हे कांद्याने शिकवलं. मंचरच्या बाजारात दहा किलोचा भाव पुकारला जातो. ज्या वर्षी भाव पडलेला असतो त्या वर्षी पिकअपमधून परत येताना डोळ्यांपुढे फक्त पट्टीचा आकडा असतो. तेव्हा मी यादी घेतो आणि एकेक नाव मोठ्याने म्हणतो. जोडे आहेत. घर आहे. डिंभे धरणाचं पाणी कालव्याला वेळेवर आलं. सावडीला माणसं आली. आकडा बदलत नाही. पण तो एकटाच खरा आहे असं वाटायचं थांबतं, आणि घरी पोहोचेपर्यंत माझ्या आवाजात गाणं आलेलं असतं. भावना आधी आणि आभार नंतर, असा क्रम मला कधी जमला नाही. आभार तोंडाने सुरू करायचे. आनंद वाटेत गाठतो.

वडील गेले तेही ऐन काटणीत. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी शेजारच्या घरांतून कडू घास आला, पिठलं आणि भाकरी. कोणाच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. आईने ताटाकडे पाहिलं आणि नेहमीचं म्हणायला सुरुवात केली, तेच, 145व्या स्तोत्राचं. मधे तिचा आवाज गेला. पुढचं आम्ही भावंडांनी म्हटलं. नंतर ती म्हणाली, "विश्वासू शेजारी आहे ना त्यात. आज तेच आलंय ताटात." दुसऱ्या दिवशी आमचा उरलेला कांदा शेजाऱ्यांनी काटला. आम्हाला शेतावर जाऊ दिलं नाही.

दुःखात आभार मानणं म्हणजे मन मारणं, असं कोणी म्हणालं की मला मार्टिन रिंकार्ट आठवतो. हा जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचा लुथरन पाळक. तीस वर्षांच्या युद्धात तटबंदीच्या त्या गावात आजूबाजूचे लोक जीव वाचवायला येऊन कोंबले गेले आणि 1637 साली तिथे मरीची साथ आली. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले, रिंकार्ट राहिला. त्या वर्षी त्याने चार हजारांहून अधिक माणसांना मूठमाती दिली. त्यात त्याची स्वतःची बायकोही होती. जर्मन ख्रिस्ती लोक आजही कृतज्ञतेच्या प्रत्येक प्रसंगी गातात ते 'नुन डांकेट आले गॉट' हे गीत याच माणसाचं. बाखने पुढे त्यावर संगीत रचलं, मोठमोठ्या समारंभांत ते गायलं गेलं. पण रिंकार्टने ते लिहिलं ते घरच्या मुलांसाठी, जेवणाच्या ताटावर म्हणायला.

भारतातली पहिली लुथरन मंडळी समुद्रकाठी तरंगंबाडीला उभी राहिली. बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग 1706 साली तिथे उतरला. त्याचं नवं यरुशलेम मंदिर 1718चं. पुढे मराठी मुलखाला लागून छिंदवाड्याकडेही स्वीडिश लुथरन आले. आमच्या भागात ती परंपरा रुजली नाही. माझे आजोबा नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. त्यामुळे लुथर मला भेटला तो चेन्नईत, आणि तेही कापणीच्या सणाला. आदल्या संध्याकाळी तरुण पोरं खांबांना ऊस आणि केळीचे खुंट बांधत होती. वेदीपुढे तांदळाच्या गोण्या, भोपळे, नारळाच्या पेंढ्या, शेवग्याच्या शेंगा. ज्यांच्याकडे शेत नव्हतं त्यांनी साबणाच्या वड्या आणि बिस्किटांचे पुडे आणले. कोणीतरी पाय बांधलेली कोंबडी आणली होती, तिचा आवाज उपदेशभर येत होता. उपासनेनंतर अंगणात लिलाव. एक नारळ घेतला की घेणारा तो परत मंडळीला देई, पुन्हा बोली लागे, पुन्हा परत. माझं तमिळ जेमतेम, पण त्या हसण्यात मला सगळं कळत होतं. मी भोपळा घेतला आणि खोलीवर एकटा राहत असल्याने अर्धा घरमालकिणीला दिला.

त्याच काळात मी तंजावरला गेलो. मराठी माणूस तिथे बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख बघायला जातो, मीही गेलो. पण पाय जास्त वेळ थांबले ते शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये. क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या लुथरन मिशनऱ्याने ते 1779 साली बांधलं. तंजावरच्या दरबाराशी बोलता यावं म्हणून तो मराठी शिकला होता. तुळजाराजे मरण पावले तेव्हा दत्तक मुलगा सरफोजी लहान होता, गादी दुसऱ्याच्या हाती गेली. मुलाला सांभाळलं, शिकवलं, त्याच्या हक्कासाठी भांडला तो श्वार्ट्झ. 1798च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसला. त्याने लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं आणि श्वार्ट्झच्या थडग्यावरच्या इंग्रजी ओळी स्वतः रचल्या. शिल्पात श्वार्ट्झ मरणशय्येवर आहे आणि राजाने त्याचा हात हातात घेतला आहे. सरफोजी शेवटपर्यंत हिंदू राहिला. श्वार्ट्झने त्याला ख्रिस्ती केलं नाही, तो श्वार्ट्झला विसरला नाही. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणाऱ्या राजाने आपल्या गुरूचं ऋण असं दगडात नोंदवून ठेवलं. यादीतले 'चांगले मित्र' कसे असतात ते तिथे बघायला मिळतं.

संध्याकाळी आमच्याकडे लुथर संपतो आणि टिळक सुरू होतात. गीत कोणतं गायचं हे लुथरने मोकळं सोडलं होतं, आणि नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती घरांना जे दिलं त्याला तोड नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने भजन आणि कीर्तन आमच्या मंडळ्यांत रुजवलं. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता येतं हे त्यांनी गाऊन दाखवलं. पेटी मी वाजवतो, आई टाळ धरते, धाकटी पुतणी सुरात नसली तरी सगळ्यांच्या पुढे असते. काटणीच्या दिवसांत हातांना कांद्याचा वास असतो, पेटीच्या पट्ट्यांनाही तो लागतो. कधी शेजारच्या आजी येऊन पायरीवर बसतात. अभंगाची चाल त्यांना ओळखीची असते, धृपद त्याही धरतात.

पुण्याच्या आमच्या मंडळीत कापणीचा सण पावसाळ्यानंतर होतो. तोवर बराखीतला कांदा दोनदा चाळून झालेला असतो. यंदा मी पिशवीत हाताला येईल ते भरत होतो तर आई बराखीत शिरली आणि मला म्हणाली, "गोल्टी नको घालू. देवाचं आहे, गोळा काढ." एकेक कांदा दाबून, मान बघून तिने पिशवी भरली. पहाटे निघालो, वेळेत पोहोचलो. वेदीपुढे आमच्या पिशवीच्या एका बाजूला कोणाची बाजरी होती, दुसऱ्या बाजूला कोणीतरी गॅलरीतल्या कुंडीत वाढवलेली कोथिंबिरीची जुडी. लिलावात आमच्या कांद्यावर दोन बायकांत बोली चढत गेली. जिंकली ती बाई पिशवी उघडून कांदे चाचपायला लागली.

"मावशी, एप्रिलचा कांदा आणि अजून इतका टणक?"

"पात मानेपर्यंत वाळू दिली होती," आई म्हणाली. "दिवाळीपर्यंत खुशाल वापरा. आणि जेवायला बसाल तेव्हा आमच्या शेजारणींची नावं घ्या प्रार्थनेत, काटलाय त्यांनी." आणि तिने एकेक नाव सांगायला सुरुवात केली.